पैलगावचा निरोप्या

सुरतेच्या डिंडोलीत ज्या गल्लीत भटूआबांचं घर आहे, तिथे त्यांच्याशी बोलताना माणसं आपोआप आवाज चढवतात. आबा मान हलवतात, हसतात आणि निम्म्या वेळा भलत्याच गोष्टीला हो म्हणून बसतात. दूधवाल्याने एकदा उद्या येणार नाही म्हणून सांगितलं, तर आबा त्याला आनंदाने "ये, ये" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं घेऊन दारात उभे राहिले.

त्यांचे कान यंत्रमागाने नेले. दोंडाईच्याजवळच्या गावातून विशीत सुरतेला आले, ते नवागामच्या एका कारखान्यात मागावर चढले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिले. मागाच्या शेडमध्ये माणूस माणसाशी बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. सगळं हातांनी चालतं. तर्जनी वाकवली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटं मिशीवरून फिरवली की शेठ आला. भटूआबांच्या शेजारच्या मागांवर मारुती होता. त्याचं गाव साक्रीकडचं. दोघं वर्षानुवर्षं हाताच्या अंतरावर उभे राहिले, एकमेकांची सुखदुःखं त्यांनी बोटांनी वाटून घेतली. पाळी सुटली की मारुती बमरोलीच्या रस्त्याला लागायचा, आबा डिंडोलीच्या. कान असे भणभणत असायचे की बाहेर आल्यावरही बोलावंसं वाटत नसे.

पण त्या गोंगाटात भटूआबांना एक गंमत सापडली होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आवाज इतका दाट असायचा की घटकाभराने तो ऐकूच येईनासा व्हायचा. त्याच्या आत एक मऊ, रिकामी जागा तयार व्हायची. त्या जागेत एक दिवस त्यांना नदी दिसली. रुंद, संथ, धुक्यात बुडालेली. मग काही दिवसांनी पलीकडचा काठ दिसला, काठावरचं गाव दिसलं. आबांनी त्याला पैलगाव म्हटलं. डोळे ताण्याच्या धाग्यांवर, हात मागावर आणि आबा पैलगावात. तिथे सगळे हळू बोलायचे. तिथे टपालही नव्हतं. कुणाला काही कळवायचं असलं तर निरोप्या होता. तो माणसाच्या समोर बसून निरोप ऐकायचा, तोंड मिटायचा आणि पोचेपर्यंत उघडायचा नाही, निरोप सांडू नये म्हणून. त्याची चाल बघून लोक ओळखायचे, आज निरोप जड आहे की हलका. पाळीला लागताना आबा शेडचा उंबरठा ओलांडायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, चला, नदी उतरू.

मग कान गेले. आधी पाखरं गेली, मग बायकांचे आवाज, मग दारावरची थाप. मुलगा योगराज डाईंग मिलमध्ये रंगखात्यात लागला होता. त्याने बापाला मागावरून उतरवलं. सून चंचल घराच्या पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करायची. आबा तिच्या हाताखाली लागले. इस्त्री करायची, घड्या घालायच्या, गिऱ्हाइकांकडे साड्या पोचवायच्या. आबांची बायको उषाबाई आतून स्वयंपाक सांभाळायची आणि दोघांवर लक्ष ठेवायची.

एका दुपारी इस्त्री फिरवता फिरवता आबा बोलू लागले. स्वतःशीच बोलत होते, पण कान गेल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो आहोत हे त्यांना कळत नसे. निरोप्याला एक म्हातारी रोज तोच निरोप देते आणि ज्याला द्यायचा तो माणूस गाव सोडून गेलेला आहे, असं काहीतरी चाललं होतं. चंचलने मशीन थांबवलं. पायडलवरचा पाय तसाच ठेवून ती ऐकत राहिली. आबांनी वर पाहिलं तेव्हा ती हातातली साडी विसरून बघत होती. पुढे काय झालं, तिने हातानेच विचारलं. भटूआबा लाजले. इतकी वर्षं दडवलेलं गाव असं इस्त्रीच्या वाफेत बाहेर पडलं होतं.

चंचल नंदुरबारला कॉलेजात एक वर्ष शिकलेली. तिला वाचायची आवड. तिनेच पुढे मोबाइलवर ती जाहिरात पाहिली. कथा लिहिणाऱ्यांसाठी ऑनलाइन कार्यशाळा, दर रविवारी सकाळी, घरबसल्या. साताऱ्याचे श्रीरंग नावाचे लेखक ती घ्यायचे. कथा कशी रचायची, कशी सुधारायची, कुठे पाठवायची, सगळं शिकवणार होते. तिने सासऱ्याचं नाव देऊन टाकलं आणि मग घरात सांगितलं. योगराजला हसू आलं. त्याचं म्हणणं असं की ज्यांना समोरचा माणूस ऐकू येत नाही त्यांना साताऱ्याचा काय ऐकू येणार. चंचलने स्वतःचे मोठे हेडफोन आणले, सासऱ्याच्या कानांवर नीट बसवले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.

"आबा, आते आवाज येस का?" तिने ओठ हलवून विचारलं.

आबांचं लक्ष हेडफोनमध्ये होतं. कुडाळची एक बाई स्वतःची ओळख करून देत होती. चंद्रभागा तिचं नाव, सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त झाली होती. तिच्या आवाजात कोकणी हेल होता. तो आवाज आबांच्या अगदी डोक्याच्या आत बोलत होता, इतक्या जवळ की मागच्या कितीतरी वर्षांत कुणी बोललं नव्हतं. तिच्या मागे कुठेतरी पाणी पडत होतं, तेही येत होतं. आबांचे डोळे भरून आले. मग सगळं येतं, एवढंच ते अहिराणीत म्हणाले, आणि सगळ्या गल्लीने ऐकलं, "येस. बठ्ठं येस."

रविवार मग रविवारासारखे राहिले नाहीत. साड्यांच्या ढिगात, खिडकीपाशी, आबा आंघोळ करून स्वच्छ शर्ट घालून बसायचे. पडद्यावर लहान लहान चौकटी उजळायच्या आणि प्रत्येक चौकटीत एक घर असायचं. कुणाच्या मागे मांजर, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. लातूरचा चेतन नावाचा तरुण नेहमी गच्चीवर बसायचा, कारण खाली रेंज नव्हती. आबांना वाटायचं, पैलगावात धुकं विरतं तेव्हा खिडक्या अशाच दिसत असतील. कुणी कथा वाचायला लागलं की ते डोळे मिटून घ्यायचे. एकेक आवाज पाण्यावरून आल्यासारखा यायचा.

पहिली कथा लिहायला सांगितली, तेव्हा साड्यांच्या खोक्यांतल्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर आबांनी पैलगाव लिहिलं. चंचलने टाइप करून पाठवलं. पुढच्या रविवारी श्रीरंगसरांनी ती कथा चर्चेला घेतली. माणूस सौम्य होता, शब्द जपून वापरायचा. भाषा फार गोड आहे, ते म्हणाले. पण वाचताना हाताला काही लागत नाही. "काका, तुमच्या या गावात कुणाला भूक लागत नाही. कुणाचे पाय भिजत नाहीत. मी तिथे जाऊन उभा राहायला बघतो, तर जमीनच लागत नाही." मग त्यांनी विचारलं, आबा आयुष्यभर काय करत होते. आबांनी सांगितलं. तसं सगळ्या चौकटींत एकदम चैतन्य आलं. अरे, मग हे लिहा की, असं जो तो म्हणू लागला. श्रीरंगसरही म्हणाले की हे तुमच्याखेरीज दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

आबांना ते पटलं. आठवड्याभरात त्यांनी मागाची गोष्ट लिहून काढली. मारुतीच्या मागावरून धोटा, आडवा धागा नेणारा टोकदार लाकडी तुकडा, उडाला आणि त्याच्या कपाळाला लागला, रक्ताने पांढरं कापड भिजलं, आणि तेवढा कापडाचा तुकडा खराब म्हणून कापून बाजूला ठेवला गेला, त्या दिवसाची. ती खरी घडलेली होती. वाचून झाली तेव्हा चंद्रभागाताई डोळे पुसत होत्या. त्या रविवारी एका दिवाळी अंकाच्या संपादक जागृतीताई पाहुण्या म्हणून आल्या होत्या, कथा कुठे आणि कशी पाठवायची ते समजावून सांगायला. त्यांनी तिथेच सांगितलं की ही कथा मला द्या. आणि अशाच आणखी लिहा, पुस्तक होईल, असंही सुचवलं. चंचलने आत जाऊन सासूला मिठी मारली. संध्याकाळी योगराज सुरतेचा गरम लोचो खायला घेऊन आला, आणि पहिली बशी त्याने बापाच्या पुढ्यात ठेवली.

सगळं छान होतं. फक्त पैलगाव दिसेनासं झालं.

आबांना ते लगेच कळलं नाही. इस्त्री करताना डोळे अर्धवट मिटले की नदी यायची, तशी ती येईना. त्या जागी शेड यायची. माग, माग, माग, आणि मारुतीच्या कपाळावरचं रक्त. दुसऱ्या दिवशीही तेच. जणू दोन्ही एकाच दाराने आत येत होते आणि शेड दारातच आडवी बसली होती. आबा गप्प झाले. उषाबाईने दोनदा विचारलं, दुखतं आहे का काही. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. काय सांगणार, की एक गाव होतं, ते हरवलं? साऱ्या आयुष्यात त्यांच्याकडे स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती.

उतराण, म्हणजे इकडची संक्रांत, जवळ आली होती. गच्च्यांवर पतंग, रस्त्याकडेला मांजा रंगवणारे, तारांवर लटकलेले कागदाचे तुकडे. अशा एका सकाळी चंचलने त्यांना तापीपलीकडे अडाजणला साड्या पोचवायला पाठवलं. परतीच्या वाटेवर आबा बसने आलेच नाहीत. पुलाजवळ धुकं फार दाट होतं, आणि ते पुलावरून चालत निघाले, का ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

मधोमध आल्यावर ते कठड्याशी उभे राहिले. दोन्ही काठ पुसले गेले होते. खाली नदी आहे हे फक्त गारव्यावरून कळत होतं. गाड्या मागून जात असतील, पण आबांच्या लेखी सगळं शांत होतं. आणि त्या शांततेत त्यांना मारुती आठवला. रक्तातला नाही. शेवटच्या दिवसाचा.

मारुतीची छाती बिघडली होती आणि तो गावी निघाला होता. बाकीचे माग चालू होते. शेडच्या दारात उभा राहून त्याने आबांकडे बघितलं, तळहात छातीवर ठेवला, मग तो पुढे करून उताणा उघडला आणि तसाच धरून राहिला. ही खूण त्यांच्या भाषेत नव्हती. आबांना कळली नाही. धागा तुटला म्हणून ते वळले, आणि परत पाहिलं तोवर दार रिकामं होतं. वर्षभरात मारुती गेल्याचं कळलं. आता पुलावर आबा त्याचा आवाज आठवू लागले, तर तो आठवेना. आठवणार कुठून? त्यांनी तो धड ऐकलाच नव्हता. फक्त हात आठवत होता.

आबांनी नकळत स्वतःचा हात तसा केला. छातीवरून पुढे, उताणा, उघडा. धुक्याकडे बघत ते तसेच उभे राहिले, किती वेळ कोण जाणे.

मग हातावर काहीतरी पडलं. त्यांनी दचकून पाहिलं. तिळाच्या चिक्कीचा तुकडा होता. एक म्हातारी गुजराती बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी, त्यांच्याकडे बघून मान हलवून पुढे चालली होती. उतराणीचं दान करत निघाली असावी. तिने आबांना मागणारा समजलं होतं, किंवा नुसता भुकेला माणूस. बाई चार पावलांत धुक्यात नाहीशी झाली. आबांनी चिक्की खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

आणि समोर, धुक्यापलीकडे, पैलगावचा घाट दिसला. पण यावेळी पायऱ्यांवर शेवाळ होतं, आणि कुणाच्या तरी चुलीचा धूर येत होता.

घरी येऊन ते सरळ खिडकीपाशी बसले. जेवायला हाक मारली ती ऐकू आली नाही, आणि खांद्यावर हात ठेवला तेव्हाही ते उठले नाहीत. त्यांनी लिहिलं ते असं. निरोप्याकडे एकदा एक माणूस येतो, ज्याचं बोलणं फक्त हातांचं आहे. तो हाताने तीच उताण्या तळहाताची खूण करतो आणि इशाऱ्याने समजावतो, एवढं माझ्या बायकोला पोचव. निरोप्याला खुणेचा अर्थ माहीत नाही. तोंडातला निरोप तोंड मिटून नेता येतो, पण हातातला निरोप हात तसाच धरून न्यावा लागतो. उजवा हात गुंतला, म्हणून त्याला नाव वल्हवता येत नाही. एक कोळी त्याला नदी उतरवून देतो. त्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही. वाटेतली माणसं त्याला भरवतात, काही भरवत नाहीत. पाऊस येतो, उघड्या तळहातात पाणी साचतं, खांदा भरून येतो. शेवटी तो त्या बाईच्या दारात पोचतो आणि हात पुढे करून उभा राहतो. ती तव्यावरून भाकरी उतरवत असते. हाताकडे बघते, निरोप्याकडे बघते. मग ती गरम कळण्याची भाकरी त्या उताण्या तळहातावर ठेवते. तिला निरोप कळला, की समोरचा भुकेला आहे एवढंच कळलं, हे निरोप्याला कधीच समजत नाही.

शेवटच्या रविवारी आबांनी ती कथा वाचली. नेहमीसारखे फार मोठ्याने वाचू लागले, तेव्हा चंचलने त्यांच्या पाठीवर हळूच हात ठेवला, आणि त्यांनी आवाज उतरवला. वाचून संपलं. हेडफोनमध्ये काहीच आलं नाही. आवाज गेला असं समजून आबा चंचलकडे बघू लागले. तिने पडद्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांचे माइक बंद होते. आणि एकेका चौकटीत, कुडाळला, लातूरच्या गच्चीवर, आणखी कुठे कुठे, माणसं छातीवर हात ठेवून तो पुढे उघडत होती. कुणी सांगितलं नव्हतं. एकीने केलं, ते बघून दुसऱ्याने केलं.

मग श्रीरंगसरांनी माइक उघडला. "काका, मी तुम्हाला मागावर लिहा म्हणालो, ते चूक नव्हतं. पण मला वाटलं ती दोन गावं वेगळी आहेत. तुम्ही मधून नाव चालवलीत."

चेतनने मात्र प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला आधीची, धोट्याची कथाच जास्त आवडली. तिच्यात अंगावर येणारं काही होतं. आबांना त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, मुलगा नीट ऐकतो म्हणून.

जागृतीताईंना चंचलने निरोप्याची कथाही पाठवली. त्यांचा फोन आला. कथा सुंदर आहे, पण यंदाचा अंक कामगारांवर आहे, तेव्हा मागाचीच बरी, आणि पुस्तकाचं मनावर घ्या, असं त्या म्हणाल्या. आबा हेडफोन लावून ऐकत होते. त्यांनी जरा विचार केला.

"ती छापा, ताई. ती खोटी नाही," ते म्हणाले. "पण पुस्तकभर तसंच मागू नका. मला पैलगावात काम आहे."

पलीकडे जागृतीताई हसल्या, आणि मग म्हणाल्या की बरं, पैलगाव भरत आलं की कळवा.

निरोप्याची कथा आबांनी धुळ्याच्या काही तरुण मुलांनी चालवलेल्या एका लहानशा मासिकाला पाठवली. कुठे काय पाठवायचं हे कार्यशाळेतच शिकले होते. मुलांनी ती परत धाडली, सुरुवात लांबली आहे म्हणून. आबा दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुरुवात कापली, आणि कापल्यावर त्यांनाच कथा हलकी झाल्यासारखी वाटली. पावसाळा सरता सरता ती छापून आली. दिवाळीला मागाचीही आली. योगराजने दिवाळी अंक मिलमध्ये नेऊन रंगखात्यात सगळ्यांना दाखवला, आणि त्यावर निळ्या रंगाचे दोन ठसे उमटवून परत आणला.

उषाबाईला वाचता येत नाही. भाऊबीज झाल्यावर घर जरा निवांत झालं, तेव्हा एका दुपारी चंचलने तिला निरोप्याची कथा वाचून दाखवली. उषाबाई फराळाचे डबे पुसत होती. तिने सुरुवातीला हात थांबवला नाही. निरोप्याला पाऊस लागला तेव्हा थांबवला. भाकरीपर्यंत आल्यावर तिने डबा खाली ठेवला.

आबा तिच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या ओठांवरून त्यांना तिचं सगळं बोलणं कळतं, तिथे हेडफोन लागत नाहीत.

"भाकर त्याले दिधी," उषाबाई म्हणाली. "मंग मारुतीभाऊले तिनी काय धाडं?"

हे भटूआबांना सुचलंच नव्हतं. साताऱ्याहून कुणी विचारलं नव्हतं, धुळ्याच्या मुलांनीही नाही. ती बाई उत्तर देणारच. आणि ते घेऊन निरोप्याला परत नदी उतरावी लागणार, या खेपेला पैलगावच्या उन्हाळ्यात, पाणी आटलेलं असताना.

उषाबाईने डबा पुन्हा उचलला. आबा उठले, इस्त्रीच्या टेबलाखालून एक कोरा पुठ्ठा काढला आणि खिडकीपाशी जाऊन बसले.